गोळी बंद होणार नाही

"केसांसाठी एवढी भारी गोळी?" हे मला नातेवाइकांनी विचारलं, शाळेतल्या बाईंनी विचारलं, औषधाच्या दुकानात माझ्यामागे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनीही विचारलं. सुरुवातीला मी सगळ्यांना समजावून सांगत असे. आता सांगत नाही. पण एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं, कारण अशाच एखाद्या मुलीची आई कुठेतरी असणार आणि तिलाही कोणीतरी हेच विचारत असणार.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा तिची वेणी घालताना मला डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढा गुळगुळीत डाग दिसला. सासूबाई म्हणाल्या, "चाई पडलीय, जाईल." शेजारच्या बाईंनी त्याला बालखोरा म्हटलं आणि कांद्याचा रस चोळायला सांगितला. आम्ही कांदा चोळला, लसूण चोळली, कोणीतरी दिलेलं काळं तेल चोळलं. वर्षभरात डोक्यावरचे सगळे केस गेले. मग भुवया गेल्या, मग पापण्या. पापण्या कशासाठी असतात हे मला तेव्हा कळलं. इंदूरच्या उन्हाळ्यात तिच्या कपाळावरचा घाम सरळ डोळ्यांत उतरायचा. शाळेच्या व्हॅनमधून ती रोज लाल डोळ्यांनी उतरायची आणि लोकांना वाटायचं, रडून आली.

ती रडायची नाही. विग घ्यायला आम्ही तिला राजवाड्याकडे घेऊन गेलो होतो. दुकानदारानं तिच्या डोक्यावर एक विग चढवला, आरसा समोर धरला आणि म्हणाला, "देखो, एकदम हीरोइन." तिनं आरशात पाहिलं, विग काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "अंकल, इसमें बहुत गर्मी लगती है. आप पहनके देखो." तो माणूस स्वतःच टकला होता. माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. आम्ही सराफ्यात कचोरी खाऊन घरी आलो आणि विगचा विषय कायमचा संपला.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी बुऱ्हाणपूरजवळच्या एका लहान गावात शिकले. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. आमच्या रसायनाच्या बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "हिला पुढे शिकवलं नाहीत तर मी रोज येऊन इथेच बसेन." वडील भिडस्त माणूस. रोज एक मास्तरीण दारात बसणार या कल्पनेनंच त्यांनी होकार दिला. त्या बाईंमुळे मी बीएस्सी झाले आणि आज सांवेर रोडवरच्या एका औषध कारखान्यात गोळ्या तपासायचं काम करते. गोळी किती वेळात विरघळते, दाबली तर कधी फुटते, वर जे लिहिलंय ते आत तेवढं आहे का, हे मी दिवसभर बघते. त्यामुळे गोळी या वस्तूची मला भीती वाटत नाही. तिच्यावर आंधळा विश्वासही नाही.

पहिल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिली. तिचा चेहरा फुगला, थोडे केस आले, औषध कमी केलं तसे गळून गेले. मग कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलायच्या आधी मुलीलाच विचारलं, "तुमको पता है, हुआ क्या है?"

"बाल झड़ गए," ती म्हणाली.

"वो तो दिख रहा है. क्यों झड़े?"

तिला माहीत नव्हतं. मलाही धड माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आपल्या शरीरात चौकीदार असतात, ते बाहेरच्या चोरांना पकडतात. तिच्या शरीरातल्या चौकीदारांचा गैरसमज झाला आहे, ते केसांच्या मुळांनाच चोर समजून हाकलताहेत. मुळं मेलेली नाहीत, फक्त त्यांना काम करू दिलं जात नाही. आता जी गोळी आहे ती चौकीदाराला मारत नाही, त्याची शिट्टी काढून घेते. एकानं शिट्टी वाजवली नाही की बाकीचे धावत येत नाहीत.

"आणि खरा चोर आला तर?" मुलीनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बस, यही सवाल है," त्या म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास त्याच प्रश्नाचं उत्तर आम्हाला देत राहिल्या. या गोळ्यांना जॅक इनहिबिटर म्हणतात. त्यांच्यामुळे केस येऊ शकतात, सगळ्यांचे येत नाहीत. घेत असताना जंतुसंसर्गाची भीती जास्त. म्हणून आधी क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे, यकृताची, रक्ताची तपासणी. आणि मुलीला कांजिण्यांची लस दिलेली नव्हती, ती आधी द्यायची, तीही दोनदा, मध्ये अंतर ठेवून. त्यानंतर आणखी काही आठवडे थांबायचं. मगच गोळी.

घरी हे कोणालाच पटलं नाही. इलाज आहे म्हणता आणि महिनोन्महिने थांबायचं? सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरीण घाबरट आहे." शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या चुलत जाऊबाई म्हणाल्या, "पैसे खायचे धंदे, दुसरं काय! केस जातायत डोक्याचे आणि ही सुई टोचते मातेची." कांजिण्यांना आमच्याकडे माताच म्हणतात. माता आली, माता निघाली. मी कोणाचं ऐकलं नाही. लस दिली, थांबले, मग गोळी सुरू केली.

जाऊबाई वाईट नाहीत. आमच्या सासरचं घराणं दरबारच्या नोकरीतलं, पागेतलं, आणि रीतभात सांभाळायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली आहे. दसऱ्याला तलवारीची पूजा त्यांच्याकडे, अष्टमीला कुमारिका त्यांच्याकडे. मुलींना पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, हळदीकुंकू लावायचं, केसांत गजरा माळायचा, जेवू घालायचं. पण माझ्या मुलीचे केस गेल्यावर दोन वर्षं तिला बोलावणं आलं नाही. मी विचारलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, गजरा कुठे माळू तिला? आणि देवीसमोर बोडकं डोकं... समझा कर ना." त्या दोन्ही वर्षी सासूबाईंनी काही न बोलता घरीच पाट मांडला, तिला एकटीला बसवलं, तिचे पाय धुतले आणि खीरपुरी वाढली. ती जेवली. पण गल्लीतून गजरे माळून जाणाऱ्या मुलींचा आवाज आत येत होता.

गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी ती आरशाजवळून ओरडली, "मम्मी, डोळ्यावर काहीतरी लागलंय, निघतच नाहीये." भुवई होती. मग पापण्या आल्या, आणि मग डोक्यावर बाळाच्या जावळासारखे मऊ केस. उन्हाळा आला तोवर ते बोटभर झाले होते. त्या उन्हाळ्यात तिचे डोळे लाल झाले नाहीत.

आणि मग तो दिवस आला.

मी कामावरून परतले तेव्हा मुलगी दारातच उभी होती. पायांवर हळद, कपाळावर कुंकू. तिनं पाठ फिरवली आणि म्हणाली, "बघ! काकूंनी गजरा लावला! क्लिपने! अटकला पण, मम्मी, पडत नाहीये!" बोटभर केसांत, एका काळ्या क्लिपेनं, मोगऱ्याचा छोटासा गजरा अडकवला होता. मी तिला जवळ घेतलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांचेही डोळे भरलेले.

"जाऊबाईंनी बोलावलं?" मी म्हटलं. "आज काय आहे?"

"दादाला माता आली होती ना," मुलगी म्हणाली. "आता ठंडी केली. दारात कडुनिंब बांधला होता. आम्ही सगळ्यांनी दहीभात खाल्ला. दादाला भरवलं पण."

दादा म्हणजे जाऊबाईंचा मुलगा. मी सासूबाईंकडे पाहिलं. आमच्याकडे रीत अशी आहे की घरात माता आली की फोडणी द्यायची नाही, औषध द्यायचं नाही, आणि ताप उतरला की माता थंड करायला कुमारिका जेवायला घालायच्या. गल्लीतल्या बहुतेक आयांनी त्या घरात आपल्या मुली पाठवल्या नव्हत्या. मुली कमी पडत होत्या. तेव्हा जाऊबाईंना माझी मुलगी आठवली. आणि सासूबाईंना एवढंच ऐकू आलं की नातीला बोलावणं आलंय. त्यांनी तिला नवा फ्रॉक घातला आणि स्वतः तिथवर सोडून आल्या. मला फोन करावा असं त्यांना सुचलंही नाही. इतक्या दिवसांनी आलेलं बोलावणं होतं.

"दादाच्या अंगावर फोड आहेत अजून?" मी विचारलं.

"पाठीवर आहेत. ओले आहेत थोडे."

मी तिला नळाखाली घेतलं. गजरा काढताना ती म्हणाली, "अजून राहू दे ना थोडा वेळ." मी क्लिप तिच्या हातात दिली. मग डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं की लशीचे दोन्ही डोस झालेत ना. मी हो म्हटलं तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकल्यासारखं वाटलं. "गोळी आज से बंद. तीन हफ्ते देखेंगे. एक भी दाना निकले तो उसी दिन आना."

तीन आठवडे मी रोज तिचं अंग तपासलं. गोळ्या तपासते तसं, पाठ, पोट, कानामागे. दुसरा आठवडा संपता संपता तिला ताप आला आणि छातीवर पाण्याचे फोड दिसले. लस झालेली असल्यामुळे ते थोडेच होते, पण डॉक्टरबाईंनी लगेच विषाणूवरचं औषध सुरू केलं. घरी आणून मी पहिली मात्रा हातात घेतली तर सासूबाई आड आल्या.

"मातेत औषध नाही देत," त्या म्हणाल्या. "तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तरी देते आहे."

"कोप होईल."

"झाला तर माझ्यावर होऊ द्या. हिच्यावर नको."

"तू समजत नाहीस बाई. आमच्या घरात असं कधी नाही झालं."

"आई, तुम्ही कडुनिंब बांधा, मी काढणार नाही. फोडणी बंद करा, मी वरण तसंच खाईन. पण औषध वेळेवर जाईल. तुम्ही आड उभ्या राहिलात तर तुम्हाला बाजूला सरकवून जाईल."

मी सासूबाईंशी असं याआधी कधी बोलले नव्हते. लग्न झाल्यापासून या घरानं मला नोकरी करू दिली, माझ्या बीएस्सीचं कौतुक केलं, पाहुण्यांना सांगितलं की आमची सून लॅबमध्ये आहे. मी त्यांचे उपकार मानते आणि मरेपर्यंत मानेन. पण ज्या शिक्षणाचं तुम्ही कौतुक केलंत ते नेमकं अशाच वेळी वापरायचं असतं. नाहीतर ते पाहुण्यांना दाखवायच्या शोकेससारखं नुसतं कोपऱ्यात ठेवायचं काय? सासूबाई बाजूला झाल्या. दिवसभर त्यांनी नातीच्या उशाशी कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घातला, आणि मी वेळेवर औषध दिलं. आम्ही दोघी एकाच पलंगाच्या दोन बाजूंना बसून होतो.

मुलगी बरी झाली. फोड सुकले. पण बंद ठेवलेल्या गोळीचा परिणाम उशीवर दिसायला लागला. मऊ केस पुंजक्यांनी निघायचे. एक भुवई अर्धी झाली. डोक्यावर पुन्हा गुळगुळीत चट्टे दिसले. तिनं स्वतःच ते बोटानं चाचपून मोजायला सुरुवात केली तेव्हा मी तिचा हात धरला.

फोड गेल्यानंतरच्या रविवारी जाऊबाई आल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी आल्या आल्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. मग चहा घेता घेता म्हणाल्या, "बघ, जे झालं ते झालं. मातेनं थोडक्यात सोडलं. पण आता ती गोळी नको परत. अंगातली ताकदच काढून घेते म्हणे. सर्दीसुद्धा अंगावर येईल. केस काय, लग्नाच्या वेळी बघू, विग मिळतात आजकाल चांगले."

माझा नवरा खुर्चीत बसून होता. तो म्हणाला, "काही दिवस थांबू या का? मला पण जरा भीतीच वाटते आता."

मी म्हटलं, "भीती मलाही वाटते. गोळीमुळे धोका आहे, हे मला डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलंय. म्हणूनच लस दिली. तेव्हा तुम्ही सगळे म्हणालात, डॉक्टरीण घाबरट आहे. ती लस दिली नसती तर आज आपण इथे चहा पीत बसलो नसतो."

"अगं पण आमच्यामुळे झालं असं म्हणतेस का तू?" जाऊबाई दुखावल्या.

"नाही म्हणत. तुम्ही तिला बोलावलंत याचा मला राग नाही. तिला किती आनंद झाला ते मी बघितलंय. पण तुमच्या घरात माता होती हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, आणि पुढे सांगाल. आणि गोळीचं म्हणाल, तर गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरबाई ठरवतील, मी ठरवेन आणि ही ठरवेल." मी मुलीकडे बोट केलं. "बाकी कोणाला विचारणार नाही आहे मी."

जाऊबाईंनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला आणि निघाल्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, फोडांच्या खुणा पाहिल्या, छाती ऐकली. मग पहिल्या दिवसासारखंच मुलीला विचारलं, "फिर से शुरू करना है?" आणि तिला कळेल अशा भाषेत सगळं सांगितलं: केस पूर्वीसारखे येतील की नाही सांगता येत नाही, वेळ लागेल, पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागेल, कुठल्याही घरी माता असेल तर जायचं नाही.

तिनं विचार केला. मला वाटलं, गजऱ्याचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पापण्या पाहिजेत मला. डोळ्यात धूळ जाते. मैदानात बॉल दिसत नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि केस आले तर आले. नाही आले तर मी तशीच जाईन सगळीकडे. पण कोणी सांगितलं म्हणून बंद नाही करायचं."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली. माझा नवरा खिडकीकडे बघत होता. परतताना स्कूटरवर तो एवढंच म्हणाला, "रक्त काढायला मी घेऊन येत जाईन हिला. तुझी सुट्टी कशाला खर्च करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. मुलगी त्यावर जिरावन मसाला भुरभुरत होती. गोळी तिच्या ताटाशेजारी होती. तेवढ्यात जाऊबाई दारात आल्या. वाटीत लोणचं होतं, पण त्यांची नजर सरळ ताटाकडे गेली.

"केलीच का सुरू?" त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आधीच मुलीनं गोळी उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि आ करून त्यांना तोंड दाखवलं. जीभ वर, जीभ खाली.

"काकू, गेली."

मोठ्यांशी असं वागत नाहीत, हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जाऊबाई वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सासूबाई नातीला दटावणार. त्या ओट्याकडून वळल्या, तिचा रिकामा पेला उचलला, माठातून भरून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा घोटानं काय होतं? पी अजून. अडकेल घशात." मग जाऊबाईंच्या हातातली वाटी घेतली. "बस गं. पोहे खाऊन जा."

जाऊबाई बसल्या. व्हॅनचा हॉर्न वाजला. मुलीनं शेव तोंडात कोंबली, दप्तर उचललं आणि उघड्या डोक्यानं बाहेर पळाली.